डाव्या सीटवरची बाई

चारकोपात एक बाई मोटार ट्रेनिंगचा क्लास चालवायची. तीस वर्षांत तिने निम्म्या कांदिवलीला गाडी शिकवली असेल. आणि त्या तीस वर्षांत ती स्वतः उजव्या सीटवर बसून कुठेही गेली नव्हती. हे तिच्या एकाही विद्यार्थ्याच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि मी तर तिची जिवलग मैत्रीण म्हणून मिरवत होते.

क्लासची गाडी तुम्ही पाहिली असेलच. टपावर पाटी, पुढेमागे लाल रंगातला एल, आणि आत डाव्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच. शिकणारा उजवीकडे घाम पुसत बसतो आणि शिकवणारा डावीकडून ऐन वेळी पाय दाबून त्याचा जीव वाचवतो. बाईचं सगळं आयुष्य त्या डाव्या सीटवर गेलं. समोरून डंपर येत असला आणि शिकणाऱ्याच्या तोंडून शब्द फुटत नसला, की ती खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणायची, "पाय माझा आहे ना, मग?" तेवढ्यावर माणसं ट्रॅफिकमध्ये घुसायची. मीही घुसले.

माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नसत. ज्याने पहिल्यांदा जे ठोकलं ते त्याचं नाव. एका बँक मॅनेजरला ती भर बाजारात "अहो कचराकुंडी" अशी हाक मारायची आणि तो बिचारा हसत यायचा. सेक्टर आठमधल्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव होतं "सोसायटीचं गेट". मी अडतिसाव्या वर्षी शिकायला गेले आणि तिसऱ्या दिवशी विजेच्या खांबाला भिडले. तेव्हापासून आजपर्यंत मी तिच्यासाठी खांब आहे. रविवारी ती पार्ल्याला माझ्या घरी यायची ती खालूनच ओरडत, "काय गं खांब, चहा टाकलास का?" आमच्या सोसायटीतल्या लोकांना बरीच वर्षं ते माझं आडनाव वाटत होतं.

सहावारी साडीखाली ती पुरुषी कॅनव्हासचे बूट घालायची. ते बूट फक्त गाडीतले. बाहेर पाय ठेवताना चपला. क्लच कसा सोडायचा हे ती दुधावरून शिकवायची. "दूध वर येताना कशी उभी राहतेस? हात बटणावर, नजर पातेल्यावर. तस्सं." पुरुष विद्यार्थी गोंधळले तर म्हणायची, "घरी जा, चार दिवस दूध तापव, मग ये." एकजण खरंच गेला होता. परीक्षा म्हणून ती गाडी थेट मासळी बाजारात न्यायला लावायची. कोळणींच्या टोपल्यांमधून उलटी गाडी काढायची, एकही शिवी न खाता. शिवी पडली की आणखी आठ दिवस क्लास. मला सोळा दिवस जादा पडले, आणि त्यातल्या दोन शिव्या मी अजून कोणाला सांगितलेल्या नाहीत.

मोबाइलवर रस्ता सांगणाऱ्या बाईचा तिला भयंकर राग. कोणी नकाशा लावला की ती तो बंद करायची. "हिचा पाय कुठाय? नुसतं तोंड!"

मला लायसन्स मिळालं, पण गाडी काही घेतली नाही. लायसन्सचा उपयोग ओळखपत्र म्हणून. मैत्री मात्र टिकली. बाईला उगाच गोड बोलता येत नसे आणि मलाही, म्हणून आमचं जमलं असावं. वर्षातून दोन-चारदा ती मला क्लासच्या गाडीत बसवून मढला नाहीतर गोराईकडे घेऊन जायची. उजवीकडे मी, डावीकडे ती. मला वाटायचं, खांबाची सवय मोडू नये म्हणून ही सराव देते. किती भोळी मी!

एका मंगळवारी सकाळी मी डबा घेऊन ऑफिसला निघाले तर गाडी आमच्या गेटसमोर उभी. क्लासमधल्या दुसऱ्या शिकवणाऱ्याने ती आणून ठेवली होती आणि तो रिक्षाने परत चालला होता. बाई डावीकडे बसलेली.

"बस."

"अगं ऑफिस आहे मला."

"फोन कर. बस."

"कुठे जायचंय?"

"माझ्या गावी."

तिचं गाव आंबोलीच्या पायथ्याशी, सावंतवाडीजवळ. पार्ल्यापासून ते दिवसभराच्या वाटेवर आहे, आणि माझ्याकडे एक डबा, एक छत्री आणि पर्समध्ये कंगवा. तरी मी बसले. बाई अशी कधी न सांगता आली नव्हती, आणि तिचा चेहरा बघून नाही म्हणवेना. पनवेलच्या पुढे गाडी बाजूला घेऊन मी साहेबांना फोन केला. म्हटलं, ताप आहे, अंथरुणात आहे. तेवढ्यात शेजारून कंटेनरने असा भोंगा दिला की साहेब म्हणाले, "अंथरूण हायवेवर टाकलंय का?" मी फोन ठेवला. बाई पोट धरून हसली, आणि मग वडखळपर्यंत गप्प बसली. ती एवढा वेळ गप्प बसली म्हणजे काहीतरी बिघडलंय हे मला कळलं.

महाडला आम्ही माझा डबा उघडला. दोन पोळ्या, भेंडी, दोघींत वाटून. तिथे तिने सांगितलं.

तिचे बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. लालबागच्या गिरणीत त्यांनी साचे चालवले, म्हणजे कापडाचे माग. गिरणी बंद झाल्यावर ते गावी गेले ते परत आले नाहीत. मुलगी मुंबईत गाडी शिकवते याचा त्यांना अभिमान किती होता कोण जाणे, पण एक प्रश्न ते तिला तीस वर्षं विचारत होते. "तू शिकयतंस, ता खरा. पण चलयतंस खंय?" त्यांचं म्हणणं साधं होतं. गिरणीत साचा शिकवणारा जॉबर वेगळा आणि साच्यावर उभा राहून कापड काढणारा वेगळा. शिकवणाऱ्याचं कापड कोणी पाहिलंय?

"काल मी त्यांना सांगितलं, बाबा, गाडी घेऊन येते," बाई म्हणाली. "तर काय म्हणाले माहितीय? 'चलयतलो कोण?'"

"मग? चालव ना तू. त्यात काय!"

तिने भेंडी बाजूला सारली. "मला येत नाही."

मी हसले. ती हसली नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चोविसाव्या वर्षी लायसन्स मिळालं आणि पुढच्याच आठवड्यात क्लासच्या तेव्हाच्या मालकाने तिला डाव्या सीटवर बसवलं, शिकायला येणाऱ्या बायकांसाठी. ती तिथेच राहिली. मधे दोनचार वेळा पहाटे रिकाम्या रस्त्यावर तिने उजवीकडे बसून पाहिलं. गाडी सुरू केली, गियर टाकला, आणि तिथेच बंद करून परत डावीकडे सरकली.

"उजवीकडे बसले ना, की माझा पाय डावीकडेच राहतो," ती म्हणाली. "डावीकडे कोणी नाही म्हटलं की मला वाटतं, आता ब्रेक कोण मारणार?"

हजारो माणसांना जिच्या पायाचा भरवसा, तिला स्वतःला तो नव्हता. मला तिचा राग आला, कीव आली, आणि त्याहून जास्त माया आली. मी म्हटलं, "ठीकाय. बाबांच्या दारात गाडी तू न्यायचीस. डावीकडे मी बसेन."

"तू? खांब?"

"पाय माझा आहे ना, मग?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची साडी नेसून तिच्यासमोर आले होते.

सरळ हायवेने गेलो असतो तर रात्रीपर्यंत पोचलो असतो. पण बाई म्हणाली, घाटाचा हात बसला पाहिजे. एक घाट चढायचा, दुसरा उतरायचा, तिसरा चढायचा, चौथा उतरायचा. सह्याद्रीला टाके घालत जायचं. ऐकायला फार शास्त्रशुद्ध वाटलं. खरं कारण मला पहिल्याच घाटाखाली कळलं. पोलादपूरला मी उतरून तिला उजवी सीट दिली, तर ती म्हणाली, "हा नको. हा तू घे. पुढचा मी."

तर आंबेनळी मी चढले. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला नुसती हवा, आणि मी दुसऱ्या गियरमध्ये. अर्ध्यावर एका वळणावर समोरून एसटी आली. घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची पद्धत आहे, पण एसटीवाल्याने आमचा एल बघितला आणि तो खिडकीतून हसत म्हणाला, "काय हो, घाटात शिकवायला आणलंत होय?"

बाईने मान बाहेर काढली. "सपाटीवर काय, कोणीही शिकतं! मागे घ्या, चढणाऱ्याचा मान आहे."

त्याने खरंच घेतली. त्याच्या पॅसेंजरांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथून गाडी काढली तेव्हा माझी मान अशी ताठ झाली की महाबळेश्वर येईपर्यंत ती वळेना. तिथून पुढे मात्र मी कोणाला घाबरले नाही. साताऱ्याला मुक्काम केला, दोन साड्या आणि एक टूथब्रश घेतला, आणि सकाळी कऱ्हाडवरून कुंभार्लीच्या तोंडाशी आलो.

"हा तुझा," मी म्हटलं.

"उतार आहे गं. पहिल्यांदा चढ घ्यावा."

कुंभार्ली मी उतरले. चिपळूण, संगमेश्वर करत साखरप्याला आलो. समोर आंब्याचा चढ.

"घे चढ."

"ढग खाली आलेत बघ. हा तू घे."

आंबा घाट मी चढले. तीन घाट झाले आणि दर घाटाच्या पायथ्याशी बाईकडे एक नवीन कारण. गंमत म्हणजे घाट लागला की ती पुन्हा पहिल्यासारखी व्हायची. "तिसरा काढ. नजर वळणाच्या पलीकडे. दूध, दूध!" असं शिकवायची की मला वाटावं, डोंगर तिने स्वतःच्या हाताने रचलेत. डावीकडे ती राणी होती. कोल्हापूरला पोचलो तेव्हा मी तिला स्पष्टच सांगितलं, "बाई, आता एकच घाट उरलाय. तो मी उतरले तर तुझ्या बाबांच्या दारात ड्रायव्हर म्हणून मीच उतरेन. त्यांना काय सांगशील ते आत्ताच ठरव."

तिथेच मुक्काम केला. सकाळी आजऱ्यावरून आंबोलीला आलो. घाटाच्या माथ्यावर चहा घेतला. तिने कप खाली ठेवला, गाडीला अर्धी चक्कर मारली, उजवं दार उघडून आत बसली आणि चपला काढून बुटाच्या नाड्या घट्ट बांधल्या. मी धावत डावीकडे.

तो उतार मी जन्मात विसरणार नाही. बाईने स्टिअरिंग एका हाताने धरलं होतं. डावीकडे बसून उजव्या हाताने स्टिअरिंग सावरायची तीस वर्षांची सवय. डाव्या हाताला काय काम द्यावं हेच तिला कळेना. त्याहून मजा म्हणजे प्रत्येक वळणाआधी ती उजवीकडे बघायची. शिकणारा माणूस तिच्या उजव्या बाजूला असतो ना! तिथे आता खिडकीची काच होती, आणि बाई त्या काचेला सूचना देत होती. "क्लच. हळू. अगं हळू सोड. नजर कुठाय तुझी?"

"बाई, समोर बघ!"

"तू गप्प. मी हिला शिकवतेय."

मी घाबरून ब्रेक दाबला. गाडी हिसका देऊन थांबली, मागून दोन हॉर्न.

"पाय काढ," बाई म्हणाली. "ब्रेक कोणी मारला ते मला कळतं."

मी पाय उचलला. पुढच्या वळणावर पुन्हा दाबला. तिने पुन्हा ओरडून काढायला लावला. धबधब्याजवळच्या वळणावर मी पाय आवरला, आणि तिने गाडी डाव्या कठड्याला नेऊन घासली. फार नाही, माझ्या बाजूचा आरसा आत दुमडला आणि दारावर एक ओरखडा आला. गाडी थांबली. माकडं कठड्यावरून आमच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, संपलं, आता ही उतरणार.

ती काचेकडे वळली आणि म्हणाली, "बरं झालं. नाव पडलं हिचं. कठडा."

आम्ही दोघी इतक्या हसलो की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, पहिला गियर टाकला आणि कठडाबाईला खाली आणलं. काचेशी बोलणं एका वळणावर आपोआप बंद झालं. मी पेडलवर पाय अलगद ठेवून होते, दाबला नाही. दाणोलीच्या बाजूला रस्ता सपाट झाला तेव्हा ती चौथ्या गियरमध्ये होती आणि तिच्या कपाळावरचा घाम वाळला होता. मला वाटलं, जिंकलो.

गावाची लाल वाट, दोन्ही बाजूंना काजू, मग एक कौलारू घर आणि शेणाने सारवलेलं खळं, म्हणजे अंगण. खळ्याच्या पायरीवर पंचा नेसलेला, हाडकुळा, ताठ म्हातारा बसला होता. बाईने गाडी वळवली. त्याच क्षणी एक वासरू दावं तोडल्यासारखं आडवं धावलं, आणि माझा पाय दाबला गेला. गाडी जागच्या जागी थांबली. वासरू वाचलं.

बाईने माझ्याकडे बघितलं. तिचा पाय हवेत होता. तिनेही दाबला असता, अर्ध्या क्षणाने. पण मी आधी दाबला होता, आणि ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. इतकी शरम मला मासळी बाजारातही वाटली नव्हती.

म्हातारा उठला. गाडीजवळ आला आणि सरळ डाव्या दाराशी गेला. लेक शिकवते कुठे बसून ते त्याला ठाऊक होतं. त्याने दार उघडलं आणि आत मी.

"ह्या कोण गो?" तो म्हणाला.

"बाबा, मी हकडे," पलीकडून बाई म्हणाली.

म्हाताऱ्याने वाकून पाहिलं. लेक उजवीकडे, हात स्टिअरिंगवर.

"गाडी कोणी हाडली?" कोणी आणली, एवढंच त्याला हवं होतं.

इथे तिला नुसतं "मी" म्हणता आलं असतं. मी गप्प बसले असते. आणखी चाळीस वर्षं बसले असते. पण बाईला उगाच गोड बोलता येत नाही हे मी मघाशी सांगितलंच आहे.

"घाटाखाली मी हाडली," ती म्हणाली. "पण आता थांबवली ती हिने. पाय हिचो होतो."

म्हाताऱ्याने मान हलवली. मग माझ्या खांद्याला हात लावला. "सर गो बाय. माका बसांदे."

मी उतरले. तो काठी मला देऊन माझ्या जागी बसला. खाली बघून म्हणाला, "ह्या काय?"

"ब्रेक आसा बाबा. पाय लावू नको हां."

"माका कित्याक होयो ब्रेक?" म्हणत त्याने चपला खळ्यात काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर ऐसपैस मांडी घातली. "चल. माका तिठ्यार घेवन चल."

बाई हलली नाही. म्हाताऱ्याच्या मांडीकडे बघत राहिली, मग खालच्या मोकळ्या पेडलकडे. मी हातात काठी आणि पायाशी त्याच्या चपला घेऊन उभी. मला ओरडावंसं वाटलं, अगं जा! ओरडले नाही, हे काम माझ्या पायाचं नव्हतं तसं तोंडाचंही नव्हतं.

तिने किल्ली फिरवली. गाडी मागे घेतली, वासराला वळसा घातला, वाटेला लागली. काजूच्या झाडांआड टपावरची पाटी दिसेनाशी झाली. दुसरा गियर पडलेला मी ऐकला, मग तिसरा. तिठा, म्हणजे तीन रस्ते मिळतात तो नाका, काही फार लांब नाही, पण मला तो सावंतवाडीला हलवलाय की काय असं वाटायला लागलं. शेजारची एक बाई येऊन विचारून गेली, "म्हातारो खंय गेलो?" मी म्हटलं, "लेकीबरोबर." पहिल्यांदा ते वासरूच कान टवकारून वाटेकडे वळलं, आणि मग मला आवाज आला.

गाडी खळ्यात शिरली, वासरू पुन्हा आडवं आलं, आणि गाडी थांबली. धक्का नाही, हिसका नाही, दूध उतू न जाता गॅस बंद करावा तशी. म्हातारा जाताना जसा बसला होता तसाच होता, आणि मांडी त्याने सोडली नव्हती.